त्याच सगळ्यांसमोर

सरोजाबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना बोलूच दिलं नाही. शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे माणसं जेवायला यायची होती आणि भाजी चिरायला मी खाली जाणार हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. फोन उचलल्या उचलल्या मी सुरू झाले, "हो हो, निघालेच आहे. कोहळ्याला हात लावू नका, माझी विळी घेऊन येते, तुमच्या विळीला धार नाही." मी दम घ्यायला थांबले. मग सरोजाबाई म्हणाल्या, "वैनी, हे उठेनात." मी विचारलं, "अजून झोपलेत?" इतका बावळट प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल. त्या म्हणाल्या, "झोपले नाहीत. बसले होते…"

मी दोन मजले उतरून गेले. उद्याच्या सांबाराला मोठं पातेलं हवं म्हणून सुंदरराव स्वतः स्टुलावर चढले होते. माळ्यावरून पातेलं काढलं, खाली ठेवलं, पुसलंसुद्धा. मग खुर्चीत बसून बायकोला म्हणाले, थोडा दम लागला, कॉफी दे. कॉफी येईपर्यंत संपलं होतं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली, काढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्याकडे का बघितलं, ते तेव्हा कळलं नाही. नंतर लक्षात आलं, मी दारात विळी घेऊन उभी होते. खरंच घेऊन गेले होते. ती कुठे ठेवावी हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

महिना उलटून गेला. लोक म्हणतात, वय झालं होतं, सत्तरी पार केली होती, हाल झाले नाहीत, सोनं झालं. मला या बोलण्याचा राग येतो. आदल्या संध्याकाळी गच्चीवर माझ्याशी तासभर बोललेला माणूस, जो कोहळा चांगला मिळाला म्हणून खूश होता, तो सकाळी नसतो… यात सोनं कुठलं? मला अजून ते पटलेलं नाही. जिन्यात पावलं वाजली की मी दार उघडून बघते. मग कुणी तरी भलताच माणूस वर येत असतो.

आम्ही सोलापूरचे. ह्यांची रेल्वेतली बदली झाली आणि आम्ही चेन्नईत वेस्ट मांबलमच्या या इमारतीत राहायला आलो. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात मुलाला रागावत होते, तर मागून आवाज आला, "कोण की तुम्ही? मराठेच नव्हे?" मी वळून बघितलं तर पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात पिशवी. मला वाटलं, तमिळ माणूस थट्टा करतोय. ते सुंदरराव. आडनाव विचारलं तर म्हणाले, राव एवढंच, त्याच्यापुढं काही नाही. त्यांचे पूर्वज शिवाजीमहाराजांच्या भावाच्या मागे तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात बोलतात ती मराठी तेव्हापासूनची, वर तमिळचा हेल. मी नव्याने आलेली आगाऊ बाई, त्यांची वाक्यं दुरुस्त करायची. ते शांतपणे म्हणायचे, "वैनी, तुमची मराठी परवाची. आमची जुनी. थोरल्यास धाकट्यानं दुरुस्त करूं नये." मी हात टेकले. पुढे माझ्याच तोंडात रविवारऐवजी आयतवार आणि जेवायास बसू लागलं आणि सोलापूरला गेले की बहिणी हसायला लागल्या.

तरुणपणी ते जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. टकटक करून संदेश पाठवायचे आणि कानाला हेडफोन लावून इतरांचे ऐकायचे, हे काम. मग नवी यंत्रं आली, बटण दाबलं की हाक आपोआप उपग्रहापर्यंत जाते, आणि जहाजांवर रेडिओ ऑफिसर हा माणूसच लागेनासा झाला. सुंदरराव किनाऱ्यावर आले आणि बोटीवर जाणाऱ्या मुलामुलींना ती नवी यंत्रं शिकवू लागले. त्यांच्या बोलण्यात सारखा सोळा नंबर यायचा. मला आधी वाटलं, बसचा नंबर असेल. तसं नव्हतं. समुद्रावर जहाजं एकमेकांशी बोलतात त्या रेडिओवर पुष्कळ चॅनल असतात, त्यांतलं सोळावं सगळ्यांचं. ते प्रत्येक जहाजावर सतत चालू ठेवायचं आणि ऐकायचं. कुणाला बोलायचं असेल तर सोळावर फक्त हाक मारायची, समोरच्याने ओ दिली की दोघांनी दुसऱ्या चॅनलवर जायचं. गप्पा तिथे. सोळा मोकळं ठेवायचं, कारण कुणी बुडत असेल तर त्याचा मेडे, म्हणजे वाचवा अशी हाक, तिथेच येणार.

हा नियम त्यांनी घरात, इमारतीत, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे आणला होता. चारचौघांत मी माझ्या जावेबद्दल बोलायला लागले की ते हळूच म्हणायचे, "वैनी, सोळावर नको." आणि मला खांबामागे नेऊन "आतां सांगा" म्हणायचे. मजा म्हणजे खांबामागे गेल्यावर सांगण्यासारखं फारसं उरायचं नाही. सरोजाबाई तर भाजीत मीठ कमी असल्याचंही नवऱ्याला पाहुण्यांसमोर बोलू द्यायच्या नाहीत, नुसती भुवई वर करायच्या. त्यांच्या घरात आवाज चढलेला मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. म्हणूनच जे झालं ते आम्हा कुणाला झेपलं नाही.

पण त्याआधी कोवलमची गोष्ट सांगायला हवी, नाही तर माणूस कळायचा नाही. रिटायर झाल्यावर सुंदररावांनी नवा उद्योग काढला. कोवलम म्हणजे केरळातलं नव्हे, इथलंच, चेन्नईजवळचं. तिथल्या कोळ्यांकडे हातात धरायचे छोटे रेडिओ आले होते आणि ते लोक सोळावर मासळीचा भाव, शिव्या, सिनेमाची गाणी, काय वाटेल ते चालवायचे. मोठ्या जहाजांवरचे अधिकारी वैतागून सोळाचा आवाज बारीक करून ठेवतात आणि मग खरी हाकही ऐकू येत नाही, हे सुंदररावांचं दुखणं. ते आयतवारी बसने कोवलमला जायचे आणि वाळूत बसून कोळ्यांना समजावायचे. एकदा हे आणि मी, आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर गेलो होतो, मला ताजी मासळी बघायची होती… शाकाहारी सुंदररावांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून समुद्र बघायला येते म्हटलं. त्या दिवशी त्यांनी एका कोळ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्याचं नाव सेल्वम. परवा सोळावर गाणी लावली होतीस ती तूच, तुझ्या बोटीचं नाव मी ऐकलं, असं तमिळमध्ये चांगलं झापलं. सेल्वम जाळं आवरत राहिला. त्याची आई बाजूला टोपली घेऊन बसली होती, ती एकदा मान वर करून बघून पुन्हा खाली बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात सुंदरराव वर आले आणि म्हणाले, चला, कोवलमास जायचं आहे, दोघांनीही. मी म्हटलं, मला जमणार नाही, घरात लोणचं घालायला काढलंय. ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी ऐकिलांत. तुम्ही पाहिजेच." झालं होतं असं की त्याच नावाची दुसरी बोट पुढच्या गावात होती. सेल्वमचा रेडिओ तर महिनाभर बिघडलेला होता. मी म्हटलं, मग जाऊन त्याला सॉरी म्हणा की, आमची काय वरात काढता? तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. समुद्रावर कुणाकडून चुकून संकटाची हाक गेली, हे पुष्कळदा होतं, चाचणी घेताना भलतं बटण दाबलं जातं, तर त्याबद्दल कुणी शिक्षा करत नाही. फक्त एक करायचं. हाक ज्या चॅनलवर गेली, त्याच चॅनलवर यायचं. ज्यांनी ज्यांनी ती ऐकली असेल, त्या सगळ्यांना उद्देशून आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, माझी अमुक वेळेची हाक रद्द. एकेकाच्या कानात सांगून चालत नाही. कारण कोण कोण ऐकून आपल्याकडे निघालं असेल हे आपल्याला ठाऊक नसतं.

त्या दिवशी कोवलमला त्यांनी तासभर खोळंबा केला. एक जण बर्फ आणायला गेला होता, तो येईपर्यंत थांबले. सेल्वमची आई बाजारात बसली होती, तिला माणूस पाठवून बोलावून आणलं. उन्हात माझं डोकं उठलं होतं. सगळे जमल्यावर हा माणूस वेष्टी सावरून उभा राहिला, आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, गेल्या आयतवारी याच जागी मी सेल्वमला जे बोललो ते चूक होतं, मी ते रद्द करतो. कोळी हसायला लागले. सेल्वम लाजून लाल झाला. म्हातारी मात्र हसली नाही. तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि "सरि, सार", म्हणजे बरं साहेब, असं म्हणून पुन्हा बाजाराकडे गेली. तिच्या चालण्यात फरक पडला होता, असं मला वाटलं. परतताना बसमध्ये ह्यांनी त्यांची टर उडवली आणि मीही हसून घेतलं.

तेव्हापासून आमच्यात एक चेष्टा सुरू झाली. सुंदररावांनी जेवायला बोलावलं की आम्ही विचारायचो, आज काय रद्द? कारण त्यांची पद्धतच ती. कुठे चारचौघांत वावगं बोलून गेले की आठ-पंधरा दिवसांत त्याच चारचौघांना जेवायचं आमंत्रण. पंगत बसायच्या आधी उभे राहून रद्द करायचे आणि मग वाढायला घ्यायचे. गच्चीचा नळ तिसऱ्या मजल्यावरच्यांनी, म्हणजे आम्हीच, उघडा टाकला असं ते एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणाले होते. नळ सरोजाबाईंनी उघडा टाकला होता. त्यापायी सगळ्या इमारतीला पुरणपोळी मिळाली.

हरिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, अभ्यासात इंग्रजी, आणि माझ्याशी बोलताना तिन्हींची खिचडी. बापाच्या मागोमाग तीही समुद्रावर गेली. रेडिओ ऑफिसर आता नसतातच, ती जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांत गेली. तिने रेडिओचा कोर्स बापाच्याच वर्गात केला. सुंदरराव वर्गात तिला नावाने हाक मारत नसत, इतरांसारखी तीही एक, पण घरी आल्यावर दोन दोनदा सांगायचे की आज हरिणीनं उत्तर बरोबर दिलं. ती पहिल्या जहाजावर गेली त्या दिवशी त्यांनी सगळ्या इमारतीत म्हैसूरपाक वाटला. अगदी आमच्या कामवालीला बोलावून तिला सांगत होते की माझी मुलगी जहाजावर साहेब आहे.

गेल्या वर्षी त्यांची सत्तरीची शांत झाली. मोठा गोतावळा हॉलवर येऊन गेला होता. संध्याकाळी घरी जवळचे तेवढेच राहिलो. सुंदररावांचे थोरले भाऊ अण्णा, त्यांचा मुलगा माधव, दोघी बहिणी, सरोजाबाईंचे भाऊ-भावजय आणि आम्ही दोघं. कॉफी चालली होती. हरिणी सुट्टीवर आली होती आणि जहाजावरच्या गमती सांगत होती. सांगता सांगता म्हणाली, मागच्या जहाजावर मी एकटी ड्यूटीवर असताना टेस्ट करायला गेले आणि संकटाचं लाल बटणच दाबलं गेलं. बहिणींनी "अय्यो" केलं. मग काय केलंस? ती हसत म्हणाली, काय करणार, सेट बंद करून टाकला. किनाऱ्यावरून विचारणा आली तेव्हा सेट बिघडला होता म्हणून कळवलं. मिटलं. आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले.

सुंदरराव उठून उभे राहिले. त्यांच्या हातातली कॉफी वेष्टीवर सांडली, त्यांना कळलं नाही. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. ते म्हणाले, "खोटी हाक सोडून लपून बसलीस?" ती म्हणाली, "अप्पा, आधीच सगळे टपलेले असतात, बाई काय चूक करते म्हणून. माझं करिअर गेलं असतं." ते म्हणाले, "मला असली मुलगी नाही." सरोजाबाईंनी "सोळावर नको, सोळावर नको" म्हणत त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला आणि तेच वाक्य पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटलं. हरिणी उभी राहिली. तिचाही स्वभाव बापाचाच. ती आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "सरि. मग मलाही अप्पा नाहीत." आणि चपला घालून गेली. हे सगळं कॉफी थंड व्हायच्या आत झालं.

मला वाटलं, पंधरा दिवसांत जेवायचं आमंत्रण येईल. आलं नाही. हरिणी थेट दुसऱ्या जहाजावर रुजू झाली, घरी फोन फक्त आईला. सुंदरराव कोवलमला जाईनासे झाले. मी एकदा स्पष्टच विचारलं, "एवढ्या तेवढ्यावरून लोकांना जेवायला घालता, मग पोटच्या मुलीला बोललात त्याचं काय?" ते म्हणाले, ती इथं नाही, तीच नाही तर कोणासमोर रद्द करूं. मला ते खरं वाटलं नाही. मला वाटलं, यांचा राग अजून गेलेला नाही, नियमाआड दडतायत. माणूस किती आतून पोखरलेला आहे ते मला दिसलं नाही.

मग हरिणी जहाजावरून उतरली आणि चेन्नईतच नुंगंबाक्कमला मैत्रिणीकडे राहू लागली. ते सरोजाबाईंकडून कळल्याबरोबर सुंदररावांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली. आयतवारी जेवायास या. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते, तिथे ते आले. म्हणाले, "वैनी, त्या दिवशी होते तेवढे सगळे येत्यात. एकही कमी नाही. हरिणीस तुम्ही घेऊन या. माझा फोन ती घेईना. कशास म्हणून सांगूं नका." मी म्हटलं, बरं झालं बाई, सुटले. ते कठड्याला टेकले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिला एक सांगिटलों नाही कधी. सरोजासही नाही."

नवी यंत्रं नुकतीच आली होती तेव्हाची गोष्ट. बंगालच्या उपसागरात वादळी हवा होती. त्यांच्या यंत्रावर जवळच्या एका जहाजाची संकटाची हाक आली. सुंदररावांनी ती कॅप्टनला सांगितली, कॅप्टनने जहाज वळवलं. लाटा आडव्या घेत दिवसभर शोधत राहिले. डेकवर एक खलाशी होता, जोसेफ म्हणून, केरळचा, सुंदररावांबरोबर रोज संध्याकाळी कॅरम खेळणारा. सुटलेला दोर आवळायला तो पुढे गेला आणि लाटेने त्याला उचलून नेलं. तो सापडला नाही. बंदराला लागल्यावर कळलं की त्या दुसऱ्या जहाजाला काही झालंच नव्हतं. कुणी तरी चुकून बटण दाबलं होतं आणि घाबरून सेट बंद करून ते लोक गप्प बसले होते. सुंदरराव म्हणाले, "हाक ऐकिलों मीच. कॅप्टनास सांगिटलों मीच. त्या लोकांनी एकदा 'रद्द' म्हटलं असतं तर जोसेफ…" मग म्हणाले, "त्या दिवशी हरिणी हसली तेव्हा मला तो दिसला. पण तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्यास मी ते बोलिलों. चूक माझी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी चेष्टा केली. म्हटलं, आयतवारपर्यंत कशाला थांबता, मी आत्ता नुंगंबाक्कमला जाऊन तुमच्या वतीने रद्द करून येते. ते हसले. "नको, वैनी. जो बोलला तेणंच करायचं. दुसऱ्यानं पोचवायचं ते फक्त, बोलणारास बोलतां येईना झालं तर." आणि मग कोहळा किती छान मिळाला ते सांगत जिना उतरले. मी घरी येऊन हरिणीला फोन केला, रविवारी माझ्यासाठी म्हणून ये, म्हटलं. ती म्हणाली, बघते काकू.

शनिवारी सकाळी मी तिला पुन्हा फोन केला तेव्हा तीही मला बोलू देईना. "काकू, बघते म्हटलं ना, प्लीज आग्रह करू नका." मी नुसतं तिचं नाव घेतलं. मग तिने विचारलं, "अम्मा की अप्पा?"

दुपारपर्यंत सगळे जमले. कुणाला पत्ता सांगावा लागला नाही, वेळ सांगावी लागली नाही, सगळ्यांनी उद्या यायची तयारी केलेलीच होती. एका बहिणीने तर उद्यासाठी केलेले लाडू चुकून पिशवीत तसेच आणले होते आणि ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. सुंदररावांना दिवाणखान्यात निजवलं होतं. पातेलं कुणी हलवलं नव्हतं, लोक त्याला वळसा घालून जात होते. हरिणी आईच्या गुडघ्याला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. वाध्यार, म्हणजे आपल्याकडचे भटजी, आले आणि त्यांनी विचारलं, कर्ता कोण, अग्नी कोण देणार? अण्णांनी दर्भाचं पवित्र माधवच्या बोटात घातलं. हरिणी म्हणाली, "मी करणार."

अण्णा कठोर माणूस नाही. ते तिच्याजवळ येऊन बसले आणि अगदी हळू म्हणाले, "बाळ, सुंदरनं आम्हां सगळ्यांसमोर सांगिटलं, मला मुलगी नाही म्हणून. दोनदा सांगिटलं. तो असता तर बदलला असता. आतां तेचा शब्द मी मोडूं कसा?" माधव बोटातल्या पवित्राकडे बघत राहिला. सरोजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांनी नको म्हणून मान हलवली. बरोबरच होतं, आम्ही परके, जातीचे ना गोताचे, मयताच्या घरी पुरुषमाणसांच्या बोलण्यात मी कोण पडणार. पण सुंदररावांचं ते वाक्य रद्द न झालेल्या हाकेसारखं त्या खोलीत अजून चालू होतं, आणि त्यामागे सगळे निघाले होते.

मी उभी राहिले. विचारलं, "उद्या आपल्याला कशाला बोलावलं होतं?" एक बहीण म्हणाली, "जेवायास." मी म्हटलं, "सुंदररावांनी नुसतं जेवायला कधी बोलावलंय?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्या दिवशी कोण कोण होतं, आज कोण कोण आहे, हे त्यांच्या त्यांच्या लक्षात येत गेलं. सरोजाबाईंच्या भावाने तोंडावर पंचा धरला. मी म्हटलं, "मी आता सांगते ते माझं बोलणं नाही. सुंदररावांचं आहे. त्यांना बोलता येत नाही म्हणून मी पोचवते आहे." आणि गच्चीवरचं सगळं सांगितलं. जोसेफचंही सांगितलं. शेवटी त्यांच्या पद्धतीने म्हटलं, सत्तरीच्या शांतीच्या संध्याकाळी या घरात मी हरिणीला जे बोललो ते चूक होतं, मी ते रद्द करतो. माझा आवाज फाटला, पण वाक्य पुरं झालं.

हरिणी उठली. बापाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. एरवी तिची मराठी दोन वाक्यांत इंग्रजीवर जाते, पण त्या दिवशी ती त्यांच्या घरच्या जुन्या मराठीत बोलली. "त्या दिवशी, या सगळ्यांसमोर, मीही बोलिलें. मला अप्पा नाहीत म्हणून. ती हाक खोटी होती. मी, हरिणी, ती रद्द करतें." तिचा उजवा हात मुठीत आवळलेला होता, अंगठा बोटावर दाबून धरलेला. बोलून झाल्यावर तिने तो अंगठा उचलला. रेडिओवर बोलताना हातातलं बटण दाबून ठेवावं लागतं आणि दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. म्हणून बोलणं संपलं की बटण सोडायचं आणि थांबायचं, हे सुंदरराव वर्गात पहिल्या दिवशी शिकवत. ती थांबली. आम्ही सगळे थांबलो. सत्तरीच्या संध्याकाळी तिचं ते वाक्य ऐकणाऱ्यांत सुंदररावही होते ना… सगळे त्यांच्याकडे बघत होते. मला सांगायला लाज वाटत नाही, मी खरोखर वाट बघत होते.

शेवटी अण्णा म्हणाले, "ऐकिलों, बाळ. आम्ही सगळ्यांनी ऐकिलों." त्यांनी माधवच्या बोटातलं पवित्र काढून हरिणीच्या बोटात घातलं. तिच्या बोटाला ते सैल होत होतं, म्हणून तिने मूठ मिटली. वाध्यारांनी तिला समोर बसवून नाव विचारलं. तिने आपलं सांगितलं, आणि मग अप्पांचं.